मनाच्या शुश्रूषेलाही सेवाव्रती हवेत

रत्नागिरी म्हटले की लोकमान्यांचे जन्मस्थान आणि स्वातंत्र्यवीरांची स्थानबद्धता आठवते. त्याच नगरीत १८८६ पासून मनोरुग्णालय उभे आहे. मात्र त्याचे नाव आपल्या तोंडी येते ते थट्टेपुरतेच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढ मनोविकारग्रस्त आढळले. त्यांतील बहुसंख्य उपचारांपासून वंचित होते. हा विषय थट्टेचा खचित नव्हे.

औषध मनोविकारतज्ज्ञ देतो. परंतु रुग्णाचे मन जाणून संवादातून उपचार करणारा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञही तितकाच आवश्यक. त्यासाठी केवळ एम.ए. पुरेसे नसे, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला दोन वर्षांचा एम.फिल. हा प्रमुख मार्ग होता. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करण्याचे ठरविले. आता नवी घडी बसवताना प्रत्यक्ष रुग्णसेवेचे प्रशिक्षण पातळ होता कामा नये. रत्नागिरीसारख्या रुग्णालयांचा त्यासाठी पुरेपूर उपयोग व्हावा. कोकणातील माणूस ‘बाहेरची बाधा’ म्हणतो, तेव्हा त्यामागची व्यथा त्याच्याच बोलीत उलगडावी लागते. ती परभाषेतील ग्रंथांतून कशी कळणार?

गीतेचा पहिला अध्याय विषादाला वाहिलेला आहे. उपदेश त्यानंतर येतो. आधी ऐकून घेणे ही आपलीच परंपरा. म्हणून घरातील कन्या हे शास्त्र शिकू इच्छीत असेल, तर तिला ‘वेड्यांची डॉक्टर’ म्हणून हिणवू नका. कार्यकर्त्यांनीही बरा होऊन परतलेल्या रुग्णाला वस्तीत सन्मानाने सामावून घ्यावे. समाजाने पाठ फिरवली, तर उत्तम उपचारही अपुरेच ठरतील.