एका ओळीचा नकार

शेजारच्या वाडीतला एक ड्रायव्हर गेल्या रविवारी आरटीओचा आदेश घेऊन घरी आला. खाजगी ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या गाड्या चालवायचा. गाडी चालवताना मोबाइल कानाला लावलेला सापडला, तेव्हा तीन महिने लायसन निलंबित झालं. पुन्हा तेच केलं, तेव्हा रद्दच झालं. आता नव्याने केलेला अर्जही नामंजूर. कारण एका ओळीचं : पूर्वीचं लायसन रद्द झालेलं आहे.

"काका, दोन पोरं शाळेत आहेत. अपिलात काय लिहू?"

म्हटलं, पोरांचं नको लिहूस. पोटाचा प्रश्न खराच, पण पहाटे तीनला घाटात चाळीस माणसं तुझ्या भरवशावर झोपलेली असतात. तिकीट काढताना ड्रायव्हर कोण, कसा, हे त्यांना कुणी सांगत नाही. त्यांच्या वतीने ते बघायचं काम सरकारचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९ नुसार ड्रायव्हरचं पूर्वीचं वर्तन लोकांच्या जिवाला धोक्याचं ठरलं, तर लायसन रद्द करता येतं. हा अधिकार असलाच पाहिजे.

तरी तो एका ओळीचा नकार मला पटला नाही. लायसन एकदा रद्द झालेल्याला नवं नाकारता येतं, नाकारलंच पाहिजे असं कलम ९ सांगत नाही. आधी माणसाचं ऐकून घ्यायचं, मग कारणं लेखी द्यायची. चुका कोणत्या, किती जुन्या, त्यानंतर तो काय करत होता, हे त्यात यायला नको?

आणखी एक गोष्ट मला सलते. कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या नंबरवर निघतं. एकाच गाडीवर दोन-तीन ड्रायव्हर आलटूनपालटून बसतात, दंड मालक भरून टाकतो, आणि खरा बेफाम ड्रायव्हर कोऱ्या लायसनवर पुढची फेरी मारतो. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

आम्ही अपील लिहिलं. दोन्ही चुका तारखांसकट कबूल केल्या. लायसन रद्द झाल्यापासून तो गॅरेजात राबतोय, तेही घातलं. उजळणी प्रशिक्षणाची तयारी दाखवली. माझ्या हातात असतं तर मी त्याला आधी वर्षभर मालाचा टेम्पो चालवू दिला असता, बस त्यानंतर.

आदेश हातात पडल्यापासून अपिलाला ३० दिवस मिळतात. त्यातले अकरा त्याने ओळखी शोधण्यात घालवले होते. तुमच्या घरात असा कागद पडून असेल, तर आजच त्यावरची तारीख बघा.