मधाविना काढा, वेळेवर डॉक्टर

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, साधू-साध्वींचा विहार सुरू होतो आणि त्याच सुमारास घरोघरी सर्दी-खोकला मुक्कामाला येतो. दुपारी ऊन, पहाटे गारवा, दिवाळीच्या फटाक्यांचा रेंगाळलेला धूर आणि बाजारात नव्या मालाबरोबर उडणारी धूळ, असे सारे एकाच वेळी घशाची व छातीची परीक्षा पाहते. मग मोबाइलवर उपायांचा पाऊस पडू लागतो. त्यांतील निम्म्याहून अधिक उपायांत तीन पदार्थ हमखास असतात : आले, लसूण आणि मध. जैन स्वयंपाकघरात या तिन्हींना स्थान नाही. मग ‘औषध म्हणून चालेल का?’ असा प्रश्न नवी पिढी विचारते, वडीलधारी मंडळी नकार देतात आणि खोकल्याच्या निमित्ताने घरात एक लहानसा वाद उभा राहतो.

वस्तुतः या वादाची गरजच नाही. २०२० साली महामारीच्या काळात आयुष मंत्रालयाने जो ‘आयुष क्वाथ’ सुचविला, त्यातील चारही द्रव्ये जैन घरांत पूर्वापार वापरली जातात. तुळशीची वाळलेली पाने ४ भाग, दालचिनी २ भाग, सुंठ २ भाग आणि काळी मिरी १ भाग अशी ती कृती आहे. या भरड पुडीपैकी सुमारे ३ ग्रॅम पूड दीडशे मिलिलिटर पाण्यात उकळून, गाळून, दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावी, एवढेच त्यात सांगितले होते. गोडीसाठी गूळ किंवा मनुका चालतात. सुंठ ही वाळलेल्या आल्याचीच असते. परंतु ओले आले अनंतकाय म्हणून वर्ज्य असले, तरी पूर्ण वाळून अचित्त झालेली सुंठ अल्प प्रमाणात बहुतेक परंपरांनी ग्राह्य मानली आहे. हळदीचेही तसेच. ओली हळद वर्ज्य; वाळलेली मात्र रोजच्या फोडणीत असते, गरम दुधातही चालते.

खोकल्यात मधाचे काम प्रामुख्याने घशावर स्निग्ध आवरण धरण्याचे आणि टोचणी शमविण्याचे असते. तेच काम कोमट गुळाचे पाणी, खडीसाखरेचा खडा किंवा तूप-मिरे पुष्कळ अंशी करतात. सितोपलादि चूर्णाचा पाठ पाहिला, तर त्यात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ भाग असते. हे चूर्ण मधातच घेतले पाहिजे असे नाही. तुपाबरोबर किंवा कोमट पाण्याबरोबरही घेता येते. मधुमेही व्यक्तीने मात्र त्यातील निम्म्याहून अधिक भाग साखर आहे, हे ध्यानात ठेवावे. च्यवनप्राशाच्या मूळ पाठात मध आहे, म्हणून डबा घेताना घटकांची यादी वाचावी. आवळ्याचा लाभ आवळकाठीतूनही मिळतो आणि हिरवी भाजी-फळे वर्ज्य असलेल्या तिथीलाही ती बहुतेक घरांत चालते.

अडुळशाची कथा तर विशेष उद्बोधक आहे. आज कफ पातळ करण्यासाठी डॉक्टर जे ब्रोमहेक्झिन लिहून देतात, ते अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावरून संशोधकांनी तयार केले. आजीचा अडुळसा आणि डॉक्टरांची गोळी यांत वैर नाही, नाते आहे, हे यावरून कळावे.

काढ्याइतकेच मोल साध्या पाण्याला आहे. पाणी उकळून पिण्याचा नियम जीवदयेसाठी आहे. आरोग्य हा त्याचा आनुषंगिक लाभ. घसा खवखवत असताना पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या केल्यास सूज व टोचणी कमी वाटते. चोंदलेल्या नाकासाठी जलनेती उपयुक्त ठरते. मात्र ती नळाच्या कच्च्या पाण्याने कधीही करू नये. अशा पाण्यातील एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्याच्या घटना क्वचित घडतात. पण त्या बहुधा प्राणघातक ठरतात. उकळून कोमट केलेले पाणी, त्यात योग्य प्रमाणात मीठ आणि स्वच्छ पात्र, एवढी काळजी पुरेशी असते. वाफेने तात्पुरता मोकळेपणा येतो. परंतु उकळत्या भांड्यावर लहान मुलाला वाकवणे धोक्याचे आहे. वाफेच्या भांड्याने भाजलेली बालके रुग्णालयांना नवी नाहीत.

सूर्यास्तापूर्वी भोजन या नियमाचाही श्वसनाशी संबंध आहे. जेवण आणि झोप यांत किमान दोन-तीन तासांचे अंतर राहिले, तर पोटातील आम्ल घशाशी येण्याचे प्रमाण घटते. रात्री आडवे होताच सुरू होणारा कोरडा खोकला पुष्कळदा या आम्लामुळे असतो, थंडीमुळे नव्हे. दुकान नऊला बंद करून दहाला जेवणाऱ्या आणि अकराला अंथरुणावर पडणाऱ्या व्यापाऱ्याने काढ्याची मात्रा वाढविण्याआधी जेवणाची वेळ तपासावी. संध्याकाळी दुकानातच डबा मागवून चौविहार सांभाळणारी घरे आजही आहेत.

व्यापारी कुटुंबाने आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे दुकानातील हवा. मिरची-हळदीची पूड, धान्याच्या पोत्यांची धूळ, कापडाचे तंतू आणि बंद काचेआड जळणारी उदबत्ती यांत माणूस रोज दहा-बारा तास श्वास घेतो. अशा ठिकाणचा खोकला रविवारी कमी आणि सोमवारी अधिक होत असेल, तर कारण घरात नसून गादीवर आहे, असे समजावे. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, पोती हलविताना घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावणे, उदबत्ती खिडकीजवळ ठेवणे आणि सकाळी दहा मिनिटे दारे उघडी ठेवणे हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. मालकाइतकेच ते हमालाला व नोकरालाही लागू आहेत. अहिंसेचा विचार तेथपर्यंत पोहोचला पाहिजे. पूजेच्या वेळी मुखकोश बांधणाऱ्या हातांना खोकताना रुमाल धरण्याची सवय वेगळी शिकवावी लागू नये.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा शब्दप्रयोग मात्र जपून वापरावा. चार दिवसांच्या काढ्याने ती वाढत नाही. ती मुदत ठेवीसारखी असते. पुरेशी झोप, रोजचे चालणे, प्राणायाम आणि समतोल आहार यांतून सावकाश साठते. शाकाहारी आणि दिवसभर छताखाली बसणाऱ्या माणसात बी-१२ व ड जीवनसत्त्वांची कमतरता वारंवार आढळते. दूध-दही आणि ऊन यांकडे लक्ष द्यावे. थकवा किंवा मुंग्या येत असतील, तर रक्ततपासणी करून घ्यावी. मात्रेचा अतिरेकही नको. काढा दिवसातून चार-पाच वेळा घेणाऱ्यांना आम्लपित्त व तोंड येण्याचा त्रास होतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याचे काही रुग्ण २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी नोंदविले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. मतभेद असले, तरी यकृताचा विकार असलेल्याने वैद्याला न विचारता गुळवेल घेऊ नये, एवढे शहाणपण त्यातून घ्यावे.

खरा प्रश्न येतो तो काढा कोठे थांबवावा याचा. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते आणि तिच्यावर प्रतिजैविके निरुपयोगी असतात. मेडिकलमधून स्वतःहून ती आणू नयेत. परंतु तीन दिवसांहून अधिक ताप, चालताना किंवा बोलताना लागणारी धाप, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, बोटावरील यंत्रात ऑक्सिजन ९४च्या खाली जाणे, बालकाच्या बरगड्या श्वासाबरोबर आत ओढल्या जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकीची क्षयरोग तपासणी करावी. ती शासकीय केंद्रात विनामूल्य होते. क्षय केवळ गरिबांना होतो, हा समज चुकीचा आहे. दोन वर्षांखालील बालकांना खोकल्याचे सिरप देऊ नये, असा केंद्र शासनाचा सल्ला आहे. दम्याच्या रुग्णाने काढा सुरू केला म्हणून पंप बंद करणे, ही तर सर्वांत धोक्याची गोष्ट होय.

औषधांबाबत जैन कुटुंबांच्या शंका खऱ्या आहेत आणि त्या डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडाव्यात. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. पण तेच औषध पुष्कळदा गोळी, पातळ औषध किंवा वनस्पतिजन्य आवरणात मिळते. फ्लूच्या अनेक लशी अंड्यांत वाढविलेल्या विषाणूंपासून बनतात. ज्येष्ठांनी व मधुमेहींनी लशीचा निर्णय ही बाब विचारून, समजून घ्यावा. न विचारता औषध टाळणे आणि घरच्यांपासून ते लपविणे, यात ना धर्म सांभाळला जातो, ना देह.

उपवासात दम उसळला तर काय करावे, हा प्रश्नही व्रत घेण्यापूर्वीच गुरुमहाराज आणि डॉक्टर या दोघांना विचारून ठेवावा. पच्चक्खाणाच्या सूत्रातच ‘सव्वसमाहिवत्तियागार’ या नावाची सवलत आहे. तीव्र व्याधीने चित्ताची समाधी ढळू लागली, तर ती सावरण्यासाठी औषध घेण्याची मोकळीक तिने ठेवलेली आहे. नियम बांधणाऱ्या पूर्वाचार्यांनी आजारी माणसाचा विचार नियमातच केला होता. म्हणून आजोबांच्या छातीत घरघर वाढली आणि ते ‘आणखी दोन दिवस काढा घेऊन पाहू’ म्हणू लागले, तर मुलांनी त्यांच्याशी वाद न घालता दुकानाचे शटर तासभर लवकर ओढावे आणि त्यांना गाडीत बसवावे. काढ्याचा थर्मास हवा तर सोबत घ्यावा.