थ्रॉनचा आवाज कुणाचा?

"वाचलीस की ऐकलीस?" पुस्तकांच्या गप्पा निघाल्या की हल्ली हा प्रश्न येतोच. आणि विचारणाऱ्याचा सूर साधारण असा असतो, की ऐकली असशील तर ती मोजायची नाही हं. त्यात पुस्तक 'स्टार वॉर्स'चं असेल तर बघायलाच नको! आधीच सिनेमाच्या जिवावर लिहिलेली कादंबरी, आणि तीही हेडफोन लावून बसमध्ये ऐकलेली. साहित्याच्या पंगतीत हिला पान कोण वाढणार?

तर आज मला पंगतीबाहेर बसवलेल्या या प्रकाराची बाजू घ्यायची आहे. माझं म्हणणं सरळ आहे. या फ्रँचायझी कादंबऱ्या वाचण्यापेक्षा ऐकण्यात जास्त मजा आहे, आणि त्या मजेचं निम्मं श्रेय त्या वाचून दाखवणाऱ्या माणसाचं आहे. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम पडणार आहे.

आधी 'ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे' याचा निकाल लावू. पोथी ऐकणाऱ्या आजीला 'तू कुठे वाचलीस?' असं कुणी विचारत नाही. पुलंची 'म्हैस' आपल्यातल्या कितीतरी जणांनी आधी ऐकली आणि मग वाचली. आता ती छापील पानावर वाचायला घेतली तरी डोक्यात पुलंचाच आवाज सुरू होतो की नाही? तेव्हा ऐकण्याला कमी लेखायची आपल्याकडे तरी काही परंपरा नाही. असो.

आता मुद्द्याचं उदाहरण. टिमोथी झानची 'एअर टू दि एम्पायर' ही कादंबरी १९९१ साली आली. १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'नंतर पडद्यावरची मुख्य गोष्ट थांबली होती. झानने ती पाच वर्षं पुढे नेली आणि एक नवा खलनायक आणला - ग्रँड अ‍ॅडमिरल थ्रॉन. निळी कातडी, लाल डोळे. हा गडी ज्यांच्याशी लढायचं त्यांची चित्रं आणि शिल्पं आधी अभ्यासतो. ज्या लोकांची कला कळली त्यांची लढायची पद्धत कळली, असा त्याचा हिशेब. थोडक्यात, मारामारीच्या आधी रिक्वायरमेंट अ‍ॅनालिसिस करणारा व्हिलन. आपल्या धंद्यातल्या लोकांना तो आवडला नाही तरच नवल :)

या कादंबरीचं ऑडिओबुक तेव्हाच निघालं होतं. सिनेमात वेज अँटिलीस या वैमानिकाची भूमिका करणाऱ्या डेनिस लॉसनने ते वाचलं होतं. पण जमाना कॅसेटचा, त्यामुळे पुस्तक कापून कापून छोटं केलेलं. मग २०११ मध्ये कादंबरीला वीस वर्षं झाली म्हणून पूर्ण पुस्तक नव्याने रेकॉर्ड झालं. सुमारे १३ तास, आणि वाचणारा मार्क थॉम्प्सन.

हे ऐकलं नसेल तर खरंच ऐका. थॉम्प्सनचा थ्रॉन आवाज चढवत नाही. आजूबाजूचे अधिकारी घाबरून भरभर बोलतात आणि हा मात्र कोड रिव्ह्यूला बसलेल्या शांत सीनियरसारखा एकेक शब्द ठेवत जातो. कॅप्टन पेलियनचा आवाज अनुभवी, जरासा थकलेला. स्मगलर, ड्रॉइड, परग्रहावरचे प्राणी, प्रत्येकाचा सूर वेगळा. पुस्तकात 'तो म्हणाला' असं लिहिलेलं असतं, पण ते यायच्या आधीच कोण बोललं ते आपल्याला कळलेलं असतं. पानावर थ्रॉन हुशार वाटतो. कानात तो धोकादायक वाटतो. हा फरक थॉम्प्सनने केला आहे.

आता हे फ्रँचायझी कादंबरीतच इतकं का जमतं? कारण त्या जगाचा आवाज आपल्या कानात आधीपासून भरलेला असतो. १९७७ च्या पहिल्या सिनेमासाठी बेन बर्टने प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण मिसळून लाइटसेबरचा आवाज तयार केला. डार्थ व्हेडरचा श्वास म्हणजे पाणबुड्यांच्या उपकरणातून घेतलेला श्वास. असे ओळखीचे आवाज आणि जॉन विल्यम्सचं संगीत या ऑडिओबुकात मागे वाजत असतं. साध्या कादंबरीत असं काही केलं तर ते गणपतीच्या देखाव्यासारखं वाटेल. इथे मात्र दोन सेकंदांत आपण त्या जहाजावर असतो. लेखकाला नवीन जग उभं करत पानं घालवायची नसतात, ते आधीच उभं असतं. मग उरतं काय? माणसं आणि संवाद. आणि संवाद हा कानाचाच प्रांत.

आपल्यासाठी आणखी एक फायदा आहे, ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आपल्यापैकी बरेच जण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. स्पेलिंग पाठ, उच्चार अंदाजपंचे. या कादंबऱ्यांत तर वाय-एस-ए-एल ने सुरू होणारे 'इसालामिरी' नावाचे सरड्यासारखे प्राणी असतात, आणि नावाच्या मधोमध अपॉस्ट्रॉफी घेऊन फिरणारे वेडसर जेडाय असतात. वाचताना आपण अशा नावांवरून बिनधास्त उडी मारून पुढे जातो. ऐकताना ती नावं नीट कानात बसतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टोमणा कुठे आहे, धमकी कुठे आहे, कुठे कुणी नुसतंच गोड बोलतंय, हे सुरातून कळतं. परक्या भाषेत वाचताना नेमकं हेच पहिल्यांदा निसटतं.

तोटे नाहीत असं नाही. लढाईच्या वेळी कधीकधी धडामधुडूम इतकं होतं की वाक्य बुडतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कुणी अचानक कट मारला की दोन मिनिटांची गोष्ट हातची जाते आणि नेमकी जागा शोधत मागे जावं लागतं. आणि सगळं दीडपट वेगाने ऐकायची आपली इंजिनियरी खोड इथे चालत नाही, कारण विल्यम्सचं संगीत दीडपट वेगाने लग्नाच्या बँडसारखं वाजतं! शिवाय सुमार कादंबरी चांगल्या आवाजामुळे उत्तम होत नाही. फ्रँचायझीत सुमार कादंबऱ्या ढिगाने आहेत, हेही मान्य.

पण पुस्तक टिकवायचं काम आवाज करतो, हे मात्र दिसतं. डिस्नेने २०१२ मध्ये लुकासफिल्म घेतली आणि २०१४ मध्ये या जुन्या कादंबऱ्या अधिकृत कथेबाहेर काढून त्यांना 'लेजेंड्स' असं नाव दिलं. म्हणजे एका झटक्यात सगळं डेप्रिकेटेड! तरी २०२१ पासून यातली निवडक पुस्तकं पुन्हा छापली गेली आणि ज्यांचं पूर्ण ऑडिओ कधी निघालंच नव्हतं अशीही काही पुस्तकं नव्याने रेकॉर्ड झाली. गोष्ट 'खरी' आहे की नाही याच्याशी ऐकणाऱ्याला देणंघेणं नव्हतं. ती नीट सांगितली जाते आहे का, एवढंच त्याला हवं होतं.

आणि इथेच माझी खरी काळजी आहे. जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅपलने मशीनच्या आवाजातली ऑडिओबुकं आणली. मे २०२५ मध्ये ऑडिबलनेही प्रकाशकांसाठी एआय आवाजाची सोय जाहीर केली. मी स्वतः सॉफ्टवेअरवर पोट भरतो, त्यामुळे 'मशीन नको' असं म्हणणार नाही. ज्या पुस्तकाचं रेकॉर्डिंग खर्चामुळे कधीच झालं नसतं, ते मशीनच्या आवाजात का होईना, ऐकायला मिळालं तर चांगलंच आहे. ज्याला डोळ्यांनी वाचता येत नाही त्याच्यासाठी तर फारच चांगलं.

भीती वेगळीच आहे. खर्च वाचवायचा म्हटला की कात्री पहिल्यांदा 'लोकप्रिय माल' समजल्या जाणाऱ्या पुस्तकांवर चालते. साहित्यिक कादंबरीला नामवंत नट मिळेल, आणि फ्रँचायझी कादंबरीबद्दल कुणी म्हणेल, 'हिला काय, कुठलाही आवाज चालतो.' नाही चालत! इथे एकच माणूस १३ तासांत वीस-पंचवीस जण होतो. कुठे थांबायचं, कुठे दबायचं, ही त्याची समज असते. मशीन वाक्य बिनचूक वाचेल. पण थ्रॉन गप्प बसल्यावर पेलियनला घाम का फुटतो, हे त्या गप्प बसण्याच्या लांबीवर ठरतं. ती लांबी कुणीतरी स्वतः घाबरून ठरवलेली असते.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. वाचणारं मशीन असेल तर तसं पहिल्याच ओळीत ठळक लिहा. माणूस असेल तर त्याचं नाव लेखकाच्या नावाइतकं मोठं छापा. आणि आपण ऐकणाऱ्यांनी पुस्तक घेताना लेखकाबरोबर ते नावही बघायची सवय लावून घ्यावी. मी तर हल्ली आधी वाचणाऱ्याचं नाव बघतो, मग गोष्ट कशावर आहे ते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं, "वाचलीस की ऐकलीस?" तर खुशाल सांगा, "ऐकली. आणि कुणाकडून ऐकली तेही सांगतो."