शंभर बुड्या आणि एक प्रमाणपत्र

पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्रतळाची सैर करण्याचा छंद आता आपल्याकडे नवा राहिलेला नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला पाहावयास गेलेली शाळेची सहलसुद्धा 'स्कूबा' हा शब्द बरोबर घेऊनच परतते. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने या विद्येची एक प्रशिक्षण संस्थाही उभारली. या छंदात मुरलेल्या मंडळींमध्ये एक वाद नेहमी चालतो. ज्याने प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करून पुढे शंभर-दीडशे बुड्या मारल्या, त्याने 'प्रगत' प्रमाणपत्रासाठी पुन्हा शिकाऊ म्हणून उभे राहावे काय? एक पक्ष म्हणतो, अनुभव हाच गुरू. दुसरा म्हणतो, नियम तो नियम. मी पाणबुड्या नव्हे, पदार्थविज्ञान शिकविणारा मनुष्य आहे; परंतु हा वाद मुळात पदार्थविज्ञानाचाच आहे असे माझे मत असल्यामुळे त्यात तोंड घालतो.

पाण्यातला अनुभव म्हणजे काय, हे पाहण्यासाठी समुद्रावर जायला नको. आमच्या शिरूर भागात विहिरीत पडलेली मोटार, बुडालेली घागर किंवा दुर्दैवाने एखादा देह वर काढण्यासाठी हाक मारावी असे पट्टीचे पोहणारे गावोगाव असतात. घोड नदीचा डोह असो की टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामधील कुकडीतले रांजणखळगे असोत, कपार कोठे आहे आणि गाळ किती आहे हे त्यांना हाताच्या स्पर्शाने कळते. त्यांच्याजवळ कागद नाही, आणि तो मागण्याची कोणाची छाती होणार नाही. पाण्यात गांगरून न जाणे ही गोष्ट कोणताही वर्ग चार दिवसांत शिकवू शकत नाही, हे मी आधीच मान्य करून टाकतो.

आता अशा एखाद्या माणसाच्या पाठीवर कोणी नळकांडे बांधले तर काय होईल? पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. विहिरीत सूर मारणारा काठावर छातीभर हवा घेतो. ती ६ लिटर आहे असे धरू. १० मीटर खाली दाब दुप्पट, म्हणून बॉईलच्या नियमाप्रमाणे ती हवा ३ लिटर होते. तो वर येतो तेव्हा ती पुन्हा ६ लिटर होते. जमाखर्च बरोबर. स्कूबाचे यंत्र मात्र भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पुरविते. १० मीटरवर त्याने छातीभर ६ लिटर हवा घेतली आणि सवयीप्रमाणे दम कोंडून वर आला, तर त्या हवेला पृष्ठभागावर १२ लिटर जागा हवी. फुप्फुसांत ती नाही. छाती भरलेली असेल तर एक-दीड मीटर वर येणेही फुप्फुस फाटण्यास पुरते. ज्या सवयीने त्याला वीस वर्षे तारले, तीच येथे घात करते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा, की श्वास कधीही कोंडू नये.

तुम्ही म्हणाल, शंभर बुड्या मारलेल्याला हे पहिल्याच अभ्यासक्रमात सांगितलेले असते. खरे आहे. पण तोच प्रश्न पुढच्या पायरीवर पुन्हा उभा राहतो. १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'पाडी' या संस्थेच्या पद्धतीत प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे, प्रगत प्रमाणपत्राची ३०, आणि छंद म्हणून बुडी मारणाऱ्याने ४० मीटरच्या खाली जाऊ नये असा संकेत आहे. १८ वरून ३० म्हणजे केवळ बारा मीटर. विहिरीच्या परसापुरते अंतर! मग एवढा बाऊ कशासाठी?

हवेचा हिशेब सोपा आहे. १२ लिटरच्या नळकांड्यात २०० वातावरण दाबाने हवा भरली, तर साध्या दाबाला ती २,४०० लिटर होते. माणूस मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरले, तर ती पृष्ठभागावर १२० मिनिटे पुरेल, १० मीटरवर ६० आणि ३० मीटरवर ३०. राखीव हवा बाजूला ठेवली की यातूनही कमी. हे दाबमापकावर दिसते, म्हणून अनुभवाने शिकता येते.

न दिसणारी गोष्ट म्हणजे नायट्रोजन. द्रवात किती वायू विरघळावा हे त्या वायूच्या दाबावर अवलंबून असते, हा हेन्रीचा नियम तुम्ही शिकला असाल. ३० मीटरवर दाब चौपट. तेथे पुरेसा वेळ राहिले तर रक्तात आणि चरबीत विरघळलेला नायट्रोजनही अखेर चौपट होतो. घाईने वर आल्यास तो सोड्याच्या बाटलीसारखा फसफसून बाहेर पडतो. या बुडबुड्यांचे कारण फ्रान्समध्ये पॉल बेर याने १८७८ साली दाखवून दिले. ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून, किती खोलीवरून टप्प्याटप्प्याने कसे वर यावे याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. कूस्तो आणि गान्यां यांनी १९४३ साली 'ॲक्वालंग' बनविण्याच्या पस्तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे, हे लक्षात घ्या.

माझा सारा युक्तिवाद येथे आहे. अनुभव केव्हा शिकवितो? चुकीची शिक्षा लगेच आणि स्पष्ट मिळते तेव्हा. ठेच लागली की पाऊल जपून पडते. नायट्रोजन पाण्यात असताना मुळीच दुखत नाही. सांधे ठणकू लागतात ते वर आल्यावर काही मिनिटांनी किंवा काही तासांनी. कोष्टकाची मर्यादा ओलांडूनही नऊ वेळा काही होत नाही, आणि अनुभवी माणूस नऊ वेळा चुकीचा धडा पाठ करून बसतो. त्यातून सुमारे ३० मीटरपासून हाच नायट्रोजन अनेकांच्या मेंदूवर दारूसारखा अंमल करू लागतो. आपण किती सावध आहोत हे ज्या बुद्धीने ठरवायचे, तीच मंदावलेली. मद्यप्याला 'तू प्यायला आहेस का' असे विचारण्यासारखेच ते! असा माणूस स्वतःच्या अनुभवाचा साक्षीदार कसा होणार? त्याला पहिल्या खेपेस तरी शेजारी जाणता माणूस हवा, जो त्याला तेथे एखादे साधे गणित घालील आणि उत्तराला लागलेला वेळ मोजील.

तेव्हा मी शिक्षणाच्या बाजूचा आहे. प्रमाणपत्राच्या बाजूचा आहे असे मात्र समजू नका. 'पाडी'चा प्रगत अभ्यासक्रम पाच बुड्यांचा असतो. त्यांत एक खोल पाण्याची आणि एक दिशा ओळखण्याची आवश्यक असते. प्राथमिक अभ्यासक्रम संपताच लगेच तो घेता येतो. मध्ये इतक्या बुड्या झाल्याच पाहिजेत असा दंडक नाही. म्हणजे जेमतेम दहा बुड्यांचा मनुष्यही 'प्रगत' म्हणवून घेऊ शकतो! याला प्रगत म्हणणे मला पटत नाही. 'खोल पाण्याची तोंडओळख' हे नाव त्याला शोभले असते. आणि ज्याला आयुष्यभर १२-१५ मीटरवरची प्रवाळे आणि मासेच पाहायचे आहेत, अशा जुन्या जाणत्या माणसावर ही सक्ती करण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

पण तोच मनुष्य उद्या आंग्रिया बँकेवर जायचे म्हणाला तर? कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेले हे बुडालेले पठार विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर भर समुद्रात आहे. त्याचा माथाच मुळी पृष्ठभागाखाली सुमारे २० मीटरवर, म्हणजे प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादा जेथे संपते त्याच्याही खाली. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातल्या शंभर बुड्या येथे हिशेबात धरता येत नाहीत. तेथे तो पहिलटकरच. शिवाय इजा झालीच तर रुग्णालय शंभर किलोमीटर दूर.

एक गोष्ट आपल्या पठारावरच्या वाचकांसाठी. शिरूर समुद्रसपाटीपासून ५०० मीटरांहून अधिक उंच आहे; आपल्याकडे हवेचा दाबच सुमारे ६ टक्के कमी. ३०० मीटरांच्या वर मारलेली बुडी ही उंचीवरची बुडी धरून कोष्टकात दुरुस्ती करावी लागते, त्यामुळे चिंचणीच्या घोड धरणातली स्कूबाची बुडीसुद्धा त्याच सदरात पडेल. फरक थोडा असतो, पण समुद्रावर शंभर बुड्या मारून तो कोणाला आपोआप कळणार नाही. याच कारणाने, एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानप्रवास करू नये असे सांगतात. मला परीक्षक नेमले, तर अनुभवी उमेदवाराला मी पोहून दाखवायला सांगणार नाही. एवढेच विचारीन: दोन दिवस खोल बुड्या मारून दुपारी चार वाजता तुम्ही शेवटची बुडी संपविली, सुमारे ७०० मीटर उंचीचा आंबोली घाट चढून रातोरात शिरूरला यायचे आहे. निघाल का? कारण द्या.