सॅलिनासचा अर्धा एकर

कॅलिफोर्नियातलं सॅलिनास खोरं अमेरिकेला सॅलड पुरवतं. लेट्यूस, ब्रोकोली, फ्लॉवर, सेलरी, स्ट्रॉबेरी असा सगळा माल प्रामुख्याने मेक्सिकोतून आलेल्या मजुरांच्या हातून निघतो. त्यातला एखादा वर्षानुवर्षं राबून स्वतःचा भाजीमळा करतो, तेव्हा त्याच्या कष्टाचं भरभरून कौतुक होतं. कौतुक व्हावंच, पण कष्ट तर तो आधीही करतच होता.

लेट्यूसची तोडणी करणारी टोळी घ्या. संथ सरकणाऱ्या यंत्रामागे माणसं वाकलेली. एका कापात गड्डा मोकळा, बाहेरची पानं काढली, गड्डा पिशवीत, पिशवी खोक्यात, खोका थेट शीतगृहाकडे. हिवाळ्यात खोऱ्यातलं लेट्यूस संपलं की यातले अनेकजण ॲरिझोनातल्या यूमाचा रस्ता धरतात. इतका हात बसलेल्या माणसाला शेती काय शिकवायची? पण तिथे काम फार तुकड्या-तुकड्यांत वाटलेलं असतं. रोप लावणारा तोडणीला असेलच असं नाही, तोडणाऱ्याला पाण्याची पाळी ठाऊक नसते, आणि माल कितीला गेला हे मजुराला सांगायची कोणाला गरज वाटत नाही.

नेमकी ही उणीव भरायला ‘अल्बा’ ही संस्था 2001पासून सॅलिनासजवळ काम करते आहे. शंभराहून अधिक एकरांचं सेंद्रिय शेत, वर्षभर स्पॅनिशमधून वर्ग, मग सवलतीच्या खंडाने अर्ध्या एकराच्या आसपासचा तुकडा. अवजारं भाड्याने मिळतात, शीतगृह सामाईक. सवलत वर्षागणिक कमी होत जाते. या शिक्षणातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला वाटते ती वही. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी बियाणं कुठून आणलं, कधी पेरलं, काय फवारलं, किती तोडलं, सगळं लिहून ठेवावं लागतं. त्यात 2006 साली याच भागातल्या पालकातून ई-कोलायचा उद्रेक झाला, दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले, काही दगावले. तेव्हापासून मोठे खरेदीदार पाण्याच्या तपासणीचे अहवाल मागतात. पाचशे एकरवाला त्यासाठी वेगळा माणूस ठेवतो. अर्ध्या एकरवाला खुरपणी करून घरी आला की स्वतःच कारकून होतो.

मजुराला ‘शेतकरी’ करण्याचा दुसराही एक प्रकार या परिसरात होऊन गेलेला आहे. स्ट्रॉबेरीच्या आणि काकडीच्या मळेवाल्यांनी मजुरांना वाटेकरी केलं. कागदावर स्वतंत्र शेतकरी, विक्रीत अर्धा वाटा. ऐकायला किती छान! गिलरॉयच्या काकडीच्या मळ्याचा खटला मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा खरं चित्र बाहेर आलं. जमीन मालकाची, लागवड त्याची, गिऱ्हाईक त्याचं. मजुराकडे मुख्यतः तोडणीचं काम, आणि तो कागदोपत्री ‘स्वतंत्र’ असल्याने अपघात झाला तर कामगार विमा नाही. बोरेलो खटला म्हणून गाजलेल्या या प्रकरणात 1989मध्ये न्यायालयाने सांगितलं की ही माणसं कामगारच आहेत. निकाल चोख होता. पीक निवडायचा अधिकार नाही, भावात तोंड घालायचं नाही, कागदावर मात्र ‘स्वतंत्र’, याला कोणी शेतकरी म्हणत असेल तर ती चलाखी आहे.

‘अल्बा’च्या अर्ध्या एकरावर निदान पीक कसणाराच ठरवतो. चुकला तर पैसे त्याचेच बुडतात.

खरी अडचण सवलतीची मुदत संपल्यावर येते. सॅलिनासमध्ये चांगल्या जमिनीचा खंड एकरी हजारो डॉलर. पन्नास एकर एकदम उचलणारी कंपनी दारात उभी असताना जमीनमालक तीन एकरवाल्याशी कशाला बोलेल? बरं, मिळालीच जमीन, तरी माल सेंद्रिय म्हणून विकायचा तर तोडणीआधी 36 महिने तिच्यावर बंदी असलेली रसायनं पडलेली चालत नाहीत. एक-दोन वर्षांच्या करारावर हा हिशेब कोणी कसा जमवायचा?

कर्जाचं म्हणाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याने 2013 साली लहान शेतकऱ्यांसाठी सूक्ष्म कर्ज सुरू केलं, त्याची मर्यादा पुढे 50 हजार डॉलरपर्यंत नेली. शेतमजुरीचा अनुभवही त्यात धरतात, ही चांगली गोष्ट. पण साधारणपणे ते नागरिकाला किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेल्याला मिळतं, आणि अमेरिकेत पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी 40 टक्क्यांच्या आसपास लोकांकडे काम करण्याचे कायदेशीर कागदच नाहीत. आपल्याकडे तोंडी खंडाने कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं म्हणून पीककर्ज अडतं. तिथे या माणसाचं नाव कुठेच नसतं.

तेव्हा आणखी वर्ग उघडून हा प्रश्न सुटणार नाही. राज्य सरकारने आणि काउंट्यांनी आपल्या ताब्यातली शेतीयोग्य जमीन लहान तुकड्यांत, निदान दहा वर्षांच्या लेखी कराराने अशा लोकांना खंडाने द्यावी. तेवढं होत नसेल, तर चार-पाच वर्षं सवलतीत शेती शिकवून माणसाला पुन्हा लेट्यूसच्या टोळीत धाडायचं, एवढंच या खटाटोपातून निघेल.