मेळघाट: 'बाळाला काय खायला द्यायचं' हे सांगून कुपोषण का थांबत नाही?

पावसाळा आला की मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या येतात. पाठोपाठ एक ठरलेलं उत्तरही येतं, 'आदिवासींमध्ये जागृती नाही.' पण प्रश्न खरंच फक्त जागृतीचा आहे का?

आधी थोडी पार्श्वभूमी

अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. इथे मोठी वस्ती कोरकू आदिवासींची. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंमुळे कुपोषणाचा प्रश्न देशभर गाजला. नंतर योजना आल्या, हायकोर्टात जनहित याचिका झाल्या, पण प्रश्न संपला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, अख्ख्या महाराष्ट्रातच पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची आहेत.

सल्ला काय आणि ताटात काय?

सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधासोबत घट्ट वरण, अंडं, हिरवी भाजी, थोडं तेल द्या, तेही दिवसातून अनेकदा. सल्ला अगदी बरोबर आहे.

पण रेशनवर मिळतं ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला ३५ किलो. २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. त्याने पोट भरतं, पण डाळ, तेल, अंडी विकतच घ्यावी लागतात. पावसाळ्यात घरातला दाणा संपत आलेला असतो, नवं पीक हाती नसतं. नाल्यांना पूर आला की बाजाराचा रस्ताही बंद. त्यात कोदो-कुटकीसारखी घरची धान्यं कमी होऊन शेतात सोयाबीन आलं. ते विकलं जातं, ताटात येत नाही.

योजना कुठे अडतात?

अंगणवाडीत गरम जेवण मिळतं ते ३ ते ६ वर्षांच्या मुलांना. त्याहून लहान मुलांसाठी घरी न्यायचा आहार असतो. तो घरातल्या सगळ्यांत वाटला गेला, तर बाळाच्या वाट्याला थोडाच उरतो. वाढीसाठी सगळ्यात नाजूक असतात ती मात्र पहिली दोन वर्षंच.

ही उणीव काही प्रमाणात भरून काढण्यासाठी २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण, आणि पुढे ७ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी.

पण दिवाळीनंतर अनेक कुटुंबं कामासाठी गाव सोडतात आणि होळीला परततात. मधल्या महिन्यांत वजन घेणं, आहार, तपासणी सगळंच तुटण्याची भीती असते.

मग पोषण शिक्षण निरुपयोगी आहे का?

नाही. घरी जाऊन, कोरकू भाषेत, घरात जे आहे त्यातूनच बाळाचं खाणं कसं करायचं हे दाखवलं, तर ते उपयोगी पडतं. पण दिवसभर मजुरीवर असलेल्या आईला 'दिवसातून पाच वेळा भरवा' एवढंच सांगून भागत नाही. त्या वेळेत बाळाला कोण भरवणार आणि डाळ कुठून येणार, याचं उत्तर व्यवस्थेकडेच हवं. ते नसेल, तर 'जागृती नाही' म्हणणं म्हणजे दोष आईच्या माथी मारणं.