आधी फीड पंप बघा, मग मोठ्या पंपाला पाना लावा

पेरणी तोंडावर आली की आपल्या मुखेड भागात दरवर्षी एकच रडगाणं. जुनं ट्रॅक्टर सुरू होतं, दहा मिनिटं चालतं अन् बंद पडतं. मिस्त्री येतो, दोनदा सेल्फ मारतो अन् सांगतो, "पंप गेला, खोलावा लागतंय." लगेच पंप उतरवून उदगीरला, नाहीतर नांदेडला. तीन-चार दिवस तिकडंच. वापसा काय आपल्यासाठी थांबतोय का?

माझं म्हणणं सरळ आहे. न तपासता पंप खोलणं ही दुरुस्ती नाही, अंदाज आहे. अन् त्या अंदाजाचे पैसे आपण भरायलोय.

पंप दोन असतेत. मोठा, ज्याला आपण अजून मायको पंपच म्हणतो (कंपनीचं नाव २००८ मध्येच बॉश झालं). तो मोजून, मोठ्या दाबानं नोझलला डिझेल देतो. दुसरा लहान, फीड पंप. तो फक्त टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडं ढकलतो. जुन्या महिंद्रा, एचएमटीला तो मोठ्या पंपाच्या अंगाला असतो, जुन्या मॅसीला इंजिनच्या बाजूला, आत रबरी डायफ्रॅम. लहान्यानं डिझेल दिलं नाही की नाव मोठ्याचं खराब होतं.

म्हणून आधी एवढं करा:

१. टाकीचं झाकण ढिलं करून चालवा. चाललं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

२. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारा. फेस येतच राहिला तर टाकी ते फीड पंप यांच्यामध्ये हवा ओढायलीय. चालू इंजिनात तिथं डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून पाईप कोरडा दिसला म्हणजे चांगला, असं समजू नका. वॉशर अन् तडकलेला पाईप बदला. काहीच आलं नाही तर जाळी, पाईप तुंबलाय किंवा फीड पंपाचे वाल्व गेलेत. मॅसीची लिव्हर ढिली लागली तर इंजिन एक फेरा फिरवून परत दाबा. कॅम वर आला की लिव्हर काम करत नाही.

३. स्वच्छ कॅन उंच बांधून त्याचा पाईप थेट फिल्टरला जोडा. ट्रॅक्टर नीट चाललं तर मोठा पंप निर्दोष.

४. ऑइलची पट्टी काढा. ऑइल वाढलंय अन् डिझेलचा वास येतोय? मॅसीसारख्या गाडीत बहुतेक डायफ्रॅम फाटला. तसंच चालवलं तर बेअरिंग जातील.

५. नांगराला लोड आला की काळा धूर निघतोय? मग डिझेल कमी पडत नाही. एअर फिल्टर, नोझल बघा. धूर न करता जीव सोडतंय, तर डिझेल पोचत नाही.

मिस्त्री म्हणतेत, "जुनी गाडी आहे, पंप झिजलेलाच असणार." असेलही. डिझेलमध्ये पाणी गेलं तर मोठा पंप खरंच खराब होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये हसनाळ, रावणगावात पाणी शिरलं, तशा पाण्यात ट्रॅक्टर बुडालं असेल तर सेल्फ मारूच नका. तिथं पंप खोलावाच लागू शकतो. पण ते तपासून ठरवा.

एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय केंद्रानं २०१६ मध्ये घेतला. नवं ट्रॅक्टर घेणं सगळ्यांच्या ऐपतीत नाही. जे आहे त्याचा चांगला पंप विनाकारण खोलून, सेटिंग हलवून बिघडवणं आपल्याला परवडत नाही.

चांगले मिस्त्री आपल्याकडं आहेत, ते आधी हेच बघतेत. जो बघत नाही त्याला उभं राहून विचारा, "फीड पंप तपासला का? दाखव." पैसे आपले, विचारायला लाजू नका.